वाऱ्याचे मजले : प्रस्तावना

एप्रिल संपत आला की कोकणात भाजावळ सुरू होते. तरव्याच्या जागेवर कवळे, पातेरा, वाळके गवत अंथरायचे आणि वारा पडला की पेटवायचे. वारा पडतो संध्याकाळी. मग त्या निवांत वेळेला डोंगरउतारावरून दहा-बारा ठिकाणी धुराच्या दोऱ्या वर चढताना दिसतात. लहानपणी मी त्या धुराकडे तासन् तास पाहत बसे. धूर आधी सरळ जातो. माडाच्या शेंड्याएवढ्या उंचीवर पोचला की थबकल्यासारखा होतो आणि तिथून पूर्वेला, सह्याद्रीकडे कलतो. अंधार पडता पडता खालचा धूर समुद्राकडे सरकू लागलेला असतो. वरचा मात्र अजून डोंगराकडेच चाललेला. एकाच आगीचा धूर एकाच वेळी दोन दिशांना कसा जातो, असे मी आजोबांना विचारले होते. ‘वरचा वारा वेगळा, खालचा वेगळा,’ एवढेच ते म्हणाले आणि दाताळे घेऊन कामाला लागले.

त्या उत्तरात काही चूक नव्हती. फक्त ‘वर’ म्हणजे किती वर आणि ‘वेगळा’ म्हणजे किती वेगळा, हे सांगायची सोय त्यांच्याजवळ नव्हती. आज ती आहे. जमिनीवर एक पेटी ठेवायची, तिच्यातून लेसरचा झोत आकाशात सोडायचा, हवेतल्या कणांवरून परतलेला प्रकाश टिपायचा आणि चाळीस मीटरवर, साठवर, शंभरवर, दोनशेवर वारा किती आणि कुठून वाहतो आहे ते दहा-दहा मिनिटांच्या हिशेबाने मांडायचे. या उपकरणाला लिडार म्हणतात. हे पुस्तक लिडारने किनाऱ्यावरचा वारा मजल्यामजल्याने कसा मोजतात, त्या मोजण्याला काय अर्थ असतो आणि कधी नसतो, याविषयी आहे.

‘आज वारा किती आहे?’ हा प्रश्न आपण एका आकड्याच्या अपेक्षेने विचारतो. हवामानखात्याच्या जगात त्या आकड्याची उंची ठरलेली आहे, जमिनीपासून दहा मीटर. मोकळ्या जागेत खांब, खांबाच्या डोक्यावर फिरणाऱ्या वाट्या आणि शेजारी दिशा दाखवणारा बाण. या वाट्यांचे यंत्र आयर्लंडमधल्या आर्मा वेधशाळेच्या थॉमस रॉमनी रॉबिन्सन यांनी १८४६ मध्ये घडवले. पावणेदोनशे वर्षे झाली तरी ते हटलेले नाही, कारण ते साधे आहे आणि खरे बोलते. शाळेच्या भूगोलात दिशादर्शक बाणाला ‘वातकुक्कुट’ म्हणत. हा शब्द पाठ करताना वर्गातला एकही मुलगा न हसता राहिला नसेल. युरोपात चर्चच्या शिखरावर खरोखरच पत्र्याचा कोंबडा असतो, हे आम्हाला फार उशिरा कळले.

तर दहा मीटर. विमानतळाला, होडीवाल्याला, पावसाच्या अंदाजाला ही उंची बरीचशी पुरते. पण ३ जून २०२० ची आठवण काढा. त्या दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धनच्या बाजूने जमिनीवर चढले. ताशी ११० ते १२० किलोमीटर वेग असे सगळीकडे छापून आले. हा वेग दहा मीटर उंचीचा आणि तीन मिनिटांच्या सरासरीचा असतो, हे मात्र बातमीत नव्हते. श्रीवर्धनच्या वाड्यांमधल्या पोफळी दहा मीटरवर थांबत नाहीत. त्यांचे शेंडे त्याहून उंच डुलतात, आणि झाड मोडते ते तीन मिनिटांच्या सरासरीने नव्हे, दोन-चार सेकंदांच्या झोताने. ज्याची बाग गेली त्याच्या दृष्टीने वर्तमानपत्रातला आकडा दुसऱ्याच कुठल्या तरी वाऱ्याचा होता. उंची आणि सरासरीचा काळ सांगितल्याशिवाय वाऱ्याचा वेग हा अर्धाच आकडा असतो.

पवनऊर्जेने या अर्ध्या आकड्याची पंचाईत उघडी पाडली. आपल्या देशात वीज विकण्याजोगत्या पहिल्या पवनचक्क्या १९८६ च्या सुमारास उभ्या राहिल्या त्या किनाऱ्यालाच. गुजरातेत ओखा, तमिळनाडूत तिरुनेलवेलीचा भाग आणि आपल्याकडे जुना रत्नागिरी परिसर. एकेका यंत्राची ताकद ५५ किलोवॉट. देवगडला गेलेल्या माणसाला डोंगरावरच्या पवनचक्क्या ठाऊक असतात. आंब्याइतकीच त्या गावाची ती खूण आहे. आता दुसरे टोक पाहा. डेन्मार्कमध्ये ओस्टेरिल्ड येथे २०२२ च्या अखेरीस समुद्रासाठी बनवलेले एक नमुना-यंत्र उभे राहिले. त्याच्या पात्यांच्या फेऱ्याचा व्यास २३६ मीटर, ताकद १५ मेगावॉट, म्हणजे त्या जुन्या यंत्राच्या पावणेतीनशे पट. पाते वर येते तेव्हा त्याचे टोक जमिनीपासून सुमारे २८० मीटरवर असते. कुतुबमिनार ७३ मीटरचा आहे. जवळजवळ चार मिनार एकावर एक ठेवल्यावर जी उंची येते, तिथे वारा काय करतो हे दहा मीटरच्या खांबावरून कसे सांगणार?

सांगत होते, एवढे खरे. त्यासाठी सूत्र आहे. खाली घर्षण असते, वर ते कमी होत जाते, म्हणून वेग उंचीबरोबर आधी भराभर आणि मग सावकाश वाढतो. किती वाढतो हे खालचा पृष्ठभाग किती खडबडीत आहे त्यावर ठरते. हवा फार तापलेली नाही, फार थंडही नाही, अशा वेळी खुल्या समुद्रावर दहा मीटरवरून शंभर मीटरवर गेले तर वेग साधारण पाचव्या हिश्शाने वाढतो. झाडे-घरे असलेल्या जमिनीवर तो पाऊणपटीने वाढू शकतो. आणि वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. वेग दहा टक्क्यांनी चुकला तर ऊर्जा तेहतीस टक्क्यांनी चुकते. बँकेकडे कर्ज मागायला गेलेल्या माणसाला हा फरक परवडत नाही.

किनाऱ्यावर तर सूत्राचेच काही चालत नाही. मला या विषयात ओढले ते याच गोष्टीने. सूत्र गृहीत धरते की खालचा पृष्ठभाग दूरवर एकसारखा आहे. किनारा म्हणजे बरोबर ती जागा, जिथे तो एकसारखा नाही. कापडाला शिवण असावी तसा. समुद्रावरून गुळगुळीत आलेला वारा वाळू, मग केगद-सुरूची रांग, मग घरे, मग डोंगर यांच्यावर चढतो तेव्हा त्याचा तळाचा थर आधी अडखळतो. वरच्या हवेला अजून पत्ताच नसतो की खाली जमीन आली. अडखळलेला थर आत जाता जाता जाड होत जातो. ढोबळ अंदाज दहास एक असा धरतात. किनाऱ्यापासून एक किलोमीटर आत त्याची जाडी शंभर मीटरच्या आसपास. म्हणजे किनाऱ्यापासून अर्ध्या किलोमीटरवर शंभर मीटरचा खांब उभा केला तर त्याचा खालचा निम्मा भाग जमिनीचा वारा मोजतो आणि वरचा निम्मा अजून समुद्राचा. एकाच खांबावर दोन मुलखांची हवा.

यात तापमान मिसळले की गोष्ट आणखी रंगते. मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला खारे वारे आणि मतलई वारे ही जोडी पाठ असते. दिवसा जमीन लवकर तापते, समुद्रावरून वारा येतो. रात्री जमीन लवकर निवते, जमिनीवरून वारा जातो. पुस्तकातल्या चित्रात दोन बाण असतात, एक आत येणारा आणि एक बाहेर जाणारा. चित्रात नसते ती उंची. खारा वारा काही शे मीटर ते फार तर किलोमीटरभर जाडीचा असतो. त्याचा जोर सर्वांत जास्त असतो तो जमिनीलगत नव्हे, तर तिच्यापासून बऱ्याच वर, आणि त्याच्याही वर हवा उलट समुद्राकडे परतत असते. तो सरळ पश्चिमेकडून येतो असेही नाही. पृथ्वीच्या फिरण्यामुळे दुपार कलेल तसा उजवीकडे वळत जातो, आणि गोवा-कोकणच्या किनाऱ्यावर वायव्येकडून लागतो. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी गोव्याजवळच्या लाटांच्या नोंदी तपासून २००६ मध्ये दाखवले की या वाऱ्याने उठलेल्या लाटा रोज दुपारनंतर वाढतात आणि रात्री ओसरतात. आमच्याकडचे रापण ओढणारे मासेमार हे शास्त्रज्ञांच्या आधी जाणत होते, पण त्यांनी आलेख काढला नाही.

मतलई वारा याहून उथळ. रात्रीची थंड हवा जड असते, ती जमिनीला चिकटून, ओघळासारखी समुद्राकडे उतरते. म्हणूनच संध्याकाळी खालचा धूर समुद्राकडे निघालेला आणि वरचा अजून डोंगराकडे. आजोबांच्या ‘वर’ आणि ‘वेगळा’ या दोन शब्दांत किनाऱ्याच्या वाऱ्याचे सगळे शास्त्र मावले होते, असे म्हणण्याचा मोह होतो. पण तो टाळतो. मावले नव्हते. त्यांनी फक्त दार दाखवले होते.

आता यंत्राकडे वळू. त्याचे मूळ तत्त्व रेल्वेच्या फलाटावर भेटते. शिट्टी वाजवत येणारी गाडी जवळ येताना सूर चढा लागतो, पुढे निघून जाताना उतरतो. क्रिस्टियान डॉपलर यांनी १८४२ मध्ये हे मांडले ते ताऱ्यांच्या प्रकाशासंबंधात. तीन वर्षांनी बाइस बॅलट या डच शास्त्रज्ञाने त्याची परीक्षा घेतली ती उत्रेख्तजवळच्या रेल्वेमार्गावर. उघड्या डब्यावर तुताऱ्या वाजवणारे बसवले, रुळांकडेला सुरांची उत्तम जाण असलेले लोक उभे केले आणि इंजिन पळवले. सूर खरोखरच बदलला. वाऱ्याच्या अभ्यासातही हाच बाइस बॅलट पुढे नावाजला गेला. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, कमी दाबाचा प्रदेश तुमच्या डाव्या हाताला असतो, हा त्याचाच नियम. तुताऱ्यांचा आणि वाऱ्याचा संबंध एकाच माणसात असा यावा, ही मला या विषयातली सर्वांत गोड योगायोगाची गोष्ट वाटते.

लिडारमध्ये तुतारीच्या जागी प्रकाश असतो आणि गाडीच्या जागी हवेत तरंगणारे कण. झोत वर जातो, कणांवर आपटून प्रकाशाचा अगदी नगण्य अंश उलट फिरतो. कण यंत्राकडे येत असेल तर परतलेल्या प्रकाशाचा ‘सूर’ किंचित चढतो, दूर जात असेल तर उतरतो. हे ‘किंचित’ किती किंचित आहे ते समजून घ्यायला हवे. या यंत्रांत बहुधा १.५५ मायक्रोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश वापरतात. त्याची वारंवारता सेकंदाला सुमारे १९३ लाख कोटी कंपने. कण सेकंदाला एक मीटर वेगाने सरकत असेल तर त्यात फरक पडतो जेमतेम तेरा लाख कंपनांचा. पंधरा कोटींत एक. इतका सूक्ष्म फरक थेट मोजणे शक्य नसते. म्हणून तंबोरा लावणारा करतो तेच करायचे. जोडीच्या दोन तारा जवळजवळ एका सुरात असल्या, पण पुरत्या जुळल्या नसल्या, की नादात एक संथ लाट ऐकू येते. त्या लाटेच्या गतीवरून कानाला दोन तारांमधले अंतर कळते. यंत्रातही परतलेला प्रकाश मूळ लेसरच्या प्रकाशात मिसळतात आणि दोघांच्या मिळणीतून उठणारी लाट मोजतात. तेरा लाख कंपने मोजणे इलेक्ट्रॉनिक्सला किरकोळ काम. एक बारकावा तेवढा राहतो. लाटेवरून अंतर कळते, पण सूर चढला की उतरला हे कळत नाही. त्यासाठी बाहेर जाणारा प्रकाश आधीच ठरलेल्या मापाने सरकवून ठेवतात, म्हणजे बदल कुठल्या बाजूला झाला ते ओळखता येते.

१.५५ मायक्रोमीटरच का, याचे एक उत्तर डोळ्यांत आहे. हा प्रकाश डोळ्याच्या पुढच्या भागातच शोषला जातो, आतल्या पडद्यापर्यंत पोचत नाही, त्यामुळे गच्चीवर यंत्र चालू ठेवले तरी शेजाऱ्यांना धोका नसतो. दुसरे उत्तर तुमच्या घरात आहे. लांब पल्ल्याच्या दूरसंचाराच्या काचतंतूंमधून याच पट्ट्यातला प्रकाश धावतो, कारण काच तिथे सर्वांत पारदर्शक असते. टेलिफोन आणि इंटरनेटच्या धंद्यासाठी या प्रकाशाचे लेसर, तो वाढवणारे तंतू, तो टिपणारे शोधक घाऊक प्रमाणात तयार झाले. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या अंतराळसंस्थेत वारा मोजणारे लेसर होते, पण ते कार्बन डायऑक्साइडचे, अवजड, सांभाळायला कठीण. आजची पेटी दोन माणसे उचलून जीपमध्ये टाकू शकतात, ती दूरसंचाराच्या कृपेने. वाऱ्यासाठी म्हणून कुणी एवढा खर्च केला नसता.

उंची कशी कळते? प्रकाशाच्या लहान ठिणग्या सोडतात आणि परतायला लागलेला वेळ मोजतात. शंभर मीटर वर जाऊन यायला प्रकाशाला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचाही दोन-तृतीयांशच वेळ लागतो. ठिणगीला स्वतःची लांबी असते, म्हणून ‘शंभर मीटरवरचा वारा’ म्हणजे प्रत्यक्षात वीस-तीस मीटर जाडीच्या थराची सरासरी. वाट्यांचे यंत्र एका बिंदूवर मोजते, लिडार एका चकतीभर हवेत. दोघांचे आकडे जुळवताना हा फरक विसरला की भांडणे होतात.

आता या पुस्तकाच्या आडव्या-उभ्या धाग्यांत सतत येणारी एक गोष्ट सांगतो. लिडार वारा पाहत नाही. वाऱ्याने उचललेली धूळ, धूर, मीठ पाहतो. स्वच्छ, धुऊन निघालेल्या हवेत तो जवळजवळ आंधळा होतो. आषाढातल्या मुसळधार पावसानंतर आकाश कसे लख्ख दिसते! आपल्याला प्रसन्न वाटते, यंत्राच्या नोंदींत मात्र वरच्या मजल्यांवर गाळलेल्या जागा दिसू लागतात. उलट समुद्रावर वारा सेकंदाला चार-पाच मीटरच्या पुढे गेला की लाटांचे माथे फुटतात, फेसातले बुडबुडे फुटतात आणि मिठाचे बारीक कण हवेत उडतात. समुद्र स्वतःचा धूर स्वतःच करतो. आपल्या पूर्वजांनी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याला ‘थंड’ किंवा ‘ओला’ न म्हणता ‘खारा’ म्हटले. त्यांच्या जिभेला आणि कातडीला जे कळले त्यावरच लेसर आज काम करतो.

धूळ मोजायला लेसर वापरणे आपल्याकडे नवे नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत १९८६ पासून आर्गॉन-आयन लेसरच्या लिडारने हवेतले कण किती उंचीवर किती आहेत याच्या नोंदी होत होत्या. तो वाऱ्याचा लिडार नव्हता, सुरातला फरक तो ऐकत नव्हता. पण आकाशात सोडलेल्या प्रकाशाने शहराच्या डोक्यावरच्या हवेचे थर वाचण्याची सवय पुण्याला चार दशकांची आहे.

यंत्राच्या मर्यादांना मी एक संपूर्ण प्रकरण दिले आहे, आणि कुणी म्हणेल की गरजेपेक्षा जास्त दिले. माझे मत वेगळे आहे. लेसरची पेटी चकचकीत असते, पडद्यावर रंगीत चित्र येते, आणि रंगीत चित्रावर माणूस पटकन विश्वास ठेवतो. मुख्य अडचण अशी की एका झोताला फक्त त्याच्या रेषेतला वेग कळतो. गाडी समोरून आडवी गेली तर शिट्टीचा सूर बदलत नाही, तसेच. म्हणून यंत्र झोत शंकूच्या आकारात चार-पाच दिशांना तिरका फिरवते आणि त्या सगळ्यांवरून वाऱ्याचा वेग व दिशा जुळवते. शंकू उभ्या रेषेपासून सुमारे २८ अंश कललेला असतो. म्हणजे शंभर मीटर उंचीवर समोरासमोरच्या दोन झोतांमध्ये शंभराहून अधिक मीटरचे अंतर पडते, दोनशे मीटरवर दुप्पट. यंत्र गृहीत धरते की या सगळ्या रुंदीत वारा एकसारखा आहे. सपाट माळावर, खुल्या समुद्रावर ठीक. पण विजयदुर्गाच्या बाजूच्या कड्यावर पेटी ठेवली तर एका झोताला कड्यावरून उसळी घेणारी हवा भेटते, दुसऱ्याला पठारावर टेकलेली. यंत्र दोघांची सांगड घालून एक आकडा देते. तो आकडा आत्मविश्वासाने चुकीचा असतो.

म्हणूनच डेन्मार्कने जटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर हव्सोरे येथे जे केले त्याला मी इतकी पाने दिली. तिथला किनारा कोकणासारखा नाही. सपाट, उघडा, आणि वारा बहुतेक काळ पश्चिमेकडून, उत्तर समुद्रावरून. किनाऱ्यापासून पावणेदोन किलोमीटरवर शंभर मीटरहून उंच मनोरा उभारून त्याच्यावर निरनिराळ्या उंचींवर वाट्यांची यंत्रे लावली, आणि वर्षानुवर्षे लिडार त्या मनोऱ्याशेजारी ठेवून ताडून पाहिले. नव्या यंत्राने जुन्या यंत्रासमोर परीक्षा द्यायची, ही पद्धत. लिडारवर आज जो भरवसा आहे तो या कंटाळवाण्या कामातून आला. २०१५-१६ च्या हिवाळ्यात त्याच परिसरात आणखी एक पाऊल टाकले गेले. किनाऱ्यावर दूर पल्ल्याचे फिरते लिडार ठेवून त्यांचे झोत समुद्रावर आडवे सोडले. दोन यंत्रे दोन जागांवरून एकाच ठिकाणी रोखली की दोन कोनांतून वेग मिळतो, आणि पाण्यात खांब न रोवता काही किलोमीटर आतला वारा कळतो. किनाऱ्याजवळच्या पवनचक्क्यांसाठी संगणकाची प्रारूपे किती चुकतात हे त्यातून तपासता आले.

हाँगकाँगची कथा वेगळ्या गरजेतून आली. तिथला विमानतळ लांताऊ बेटाच्या डोंगरांना लागून, समुद्रात भर घालून बांधलेला. डोंगरावरून उतरणारे झोत आणि दुपारचा खारा वारा, दोन्ही उतरणाऱ्या विमानाच्या वाटेत अचानक बदल घडवतात. पाऊस असेल तर रडार ते पाहू शकते, कोरड्या हवेत नाही. तेथील वेधशाळेने २००२ मध्ये लिडार आणला आणि २००५ पासून त्याच्या नोंदींवरून वैमानिकांना आपोआप इशारे जाऊ लागले. तिथे वर्षाची सरासरी कुणी विचारत नाही, पुढच्या मिनिटाचा वारा विचारतात.

आपल्याकडे या विषयाची मोठी पायरी खंबायतच्या आखातात आहे. समुद्रातल्या पवनऊर्जेचे राष्ट्रीय धोरण २०१५ मध्ये आले, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये पिपावाव बंदरापासून सुमारे २३ किलोमीटर आत, समुद्रतळात रोवलेल्या एकाच जाड नळखांबावर व्यासपीठ करून त्यावर लिडार बसवला गेला. देशातला समुद्रातला असा पहिलाच. युरोपीय संघाच्या मदतीचा प्रकल्प आणि चेन्नईची राष्ट्रीय पवनऊर्जा संस्था यांचे हे काम. त्या आखाताशी ज्याचा परिचय आहे त्यालाच त्यातली जोखीम कळेल. तळाला गाळ, प्रवाह जोरदार, आणि वरच्या अंगाला भावनगरकडे भरती-ओहोटीत दहा मीटरच्या आसपास फरक. शंभर मीटरच्या उंचीला वर्षाची सरासरी निघाली सेकंदाला सुमारे साडेसात मीटर, नैर्ऋत्य मोसमी वारे ऐन भरात असताना बरीच जास्त. उत्तर समुद्राशी तुलना केली तर हा आकडा मध्यम आहे, आणि तो मध्यम आहे हे आधी कळले, याला मी यश म्हणतो. जून २०२४ मध्ये केंद्र सरकारने समुद्रातल्या पहिल्या एक गिगावॉटसाठी ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, निम्मी गुजरात आणि निम्मी तमिळनाडूसाठी. अनुदानाशिवाय हिशेब का बसत नाही, याचे एक कारण त्या व्यासपीठावरच्या पेटीने आधीच सांगून ठेवले होते.

खांब रोवणे महाग पडते म्हणून आता तरत्या बोयांवर लिडार बसवतात. बोया डुलतो, कलतो, फिरतो. झोतही त्याच्याबरोबर. दहा मिनिटांच्या सरासरीत हे डुलणे बरेचसे एकमेकांना खाऊन टाकते, पण वाऱ्याचे बारीक हेलकावे मोजायचे असतील तर बोयाचा हेलकावा आणि वाऱ्याचा हेलकावा वेगळे करताना घाम फुटतो. या भागातले गणित मी परिशिष्टात ढकलले आहे. ज्यांना नको असेल त्यांनी खुशाल सोडावे.

शब्दांबद्दल थोडे. ‘लिडार’ला मराठी शब्द घडवायचा हट्ट मी सोडला. रडार आपण पचवले, हाही पचेल. मात्र खारे वारे, मतलई, उधाण हे शब्द मी मुद्दाम शास्त्राच्या वाक्यांत वापरले आहेत. संपादकांनी एकदा ‘मतलई’वर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केले होते. ते मी खोडरबराने पुसले. ‘पवनरेखाटन’, ‘वातपार्श्विका’ असले शब्द मात्र माझ्याच पहिल्या मसुद्यात होते. ते वाचून माझ्या बहिणीने पुस्तक मिटून ठेवले, म्हणून आता सगळीकडे ‘वाऱ्याचे मजले’ किंवा साधे ‘उंचीनुसार वारा’ असे आहे.

पुस्तकातले आलेख वाचण्याविषयी एक सूचना. आडव्या रेषेवर दिवसाचे तास आहेत, उभ्या रेषेवर उंची. गडद रंग म्हणजे जोराचा वारा, बाण म्हणजे दिशा. ठिपके दिसतील तिथे हवा इतकी स्वच्छ होती की परतीचा प्रकाश पुरेसा मिळाला नाही. किनाऱ्यावर काचेवर मीठ साचते, त्यासाठी यंत्राला मोटारीसारखा वायपर असतो. तो अडकला की सगळ्या उंचींवर एकदम ठिपके येतात, एरवी ते वरून खाली येतात. आणि प्रत्येक आलेखाच्या तळाशी चाळीस मीटर उंचीची एक कोरी पट्टी आहे. ठिणगी पूर्ण बाहेर पडेपर्यंत यंत्राला परतीचे ऐकता येत नाही, म्हणून इतक्या जवळचे त्याला दिसत नाही. माडाच्या शेंड्याची उंची, जिथे आमच्या भाजावळीचा धूर वळायचा, ती नेमकी या पट्टीत येते. ती छपाईची चूक समजू नये.